सगळ्यांच्या कार्डावर एकच ओळ

फारसं बोलत नाही म्हणून ऑफिसात सगळे ज्याला मौनीबाबा म्हणायचे, त्याची आणि माझी पहिली भेट झाली ती एकाच खुर्चीवर हात ठेवून. तिथे धड खुर्ची तेवढीच उरली होती. चकार शब्द न काढता त्याने ती माझ्याकडे सरकवली, स्वतः डुगडुगणारी घेतली... आणि मी गारद.

मी महिनाभराच्या उमेदवारीवर होते. पोहण्याच्या तलावाच्या सभासदांची संगणकावरची कार्डं जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत करायची; तलावाच्या मॅनेजरकाकांना आवडली तर नोकरी पक्की, नाहीतर चालू लागा. मौनीबाबाने कामापुरतं तोंड उघडून शिकवलं, की आधी एक मूळ कार्ड करायचं, म्हणजे प्रोटोटाइप, आणि बाकीची त्यावरून. एखादी गोष्ट कार्डाकडे स्वतःची नसली, की ते मूळ कार्डाकडे मागतं.

"माझ्या वहिनीसारखं," मी म्हटलं. "डब्यात साखर नसली की सासूच्या डब्यात हात."

तो हसला. खालमानेने का होईना, हसला बाई एकदाचा!

काम दाखवायच्या दिवशी काकांनी स्वतःचं कार्ड उघडलं, चष्मा सावरला आणि मोठ्याने वाचलं, "ही हसली की मला काम सुचत नाही."

सगळे त्यांच्या झुबकेदार मिशांकडे बघायला लागले. दुसरं कार्ड उघडलं, तिसरं उघडलं... दोनशे सभासदांवर तीच ओळ. आमच्या ऑफिसच्या मुख्य मॅडमनी माझ्याकडे रोखून पाहिलं. गेली नोकरी.

तेवढ्यात डुगडुगणारी खुर्ची करकरली.

"चूक माझी आहे," मौनीबाबा म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता. "चाचणीसाठी हिच्या नावाचं कार्ड केलं होतं. मी ते — फक्त हिच्याच कार्डावर लिहिलं होतं."

म्हणजे ती ओळ माझ्यासाठी होती! आणि घोळही लक्षात आला. निम्मा माझाच होता! कार्डावर लिहिलेल्या ओळी जिथे साठतात, ती नोंदींची यादी मी फक्त मूळ कार्डावर ठेवली होती. माझ्या कार्डाकडे स्वतःची यादीच नाही. मग त्याची ओळ पडली सासूच्या डब्यात आणि गेली सगळ्या सुनांच्या वाट्याला. मी प्रत्येक कार्डाला आपापली यादी दिली. पाच मिनिटांत काकांचं कार्ड कोरं.

"राहू द्यायची होती, बायकोला दाखवली असती," काका पुटपुटले आणि काम पसंत करून गेले. मॅडमनी नोकरी पक्की केली.

सगळे पांगल्यावर त्याने हळूच विचारलं, ती ओळ पुसलीस का.

"माझ्या कार्डावर ठेवली आहे," मी म्हटलं. "आता तुझं उघड, तुझंही एक केलंय."

त्याने उघडलं. मी लिहिलं होतं: खुर्ची दिलीस, त्या दिवसापासून मलाही सुचत नाही.

"ही... सगळ्यांना दिसतेय?"

"नाही रे. ही तुझ्या एकट्याची."

त्या दिवशी मौनीबाबा माझ्या घराच्या कोपऱ्यापर्यंत बोलत आला.