मढ्याच्या लोकरीचा गठ्ठा

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. पण हे माझ्या खापरपणजीच्या, मोरागच्या डोळ्यांदेखत घडलंय.

न्यूझीलंडचं दक्षिण बेट. राकाया नदीच्या वरच्या अंगाचे डोंगर. एप्रिलमधली संध्याकाळ. बेलिंगहॅमच्या मेंढरांच्या रानाचा भाडेपट्टा त्या दिवशी संपत होता. सगळं विकून तो विलायतेला निघाला होता.

मोराग तिथं स्वयंपाकाला होती. तिचा नवरा अलास्टर मेंढपाळ. मागल्या हिवाळ्यात बर्फात अडकलेली मेंढरं आणायला गेला, तो गेलाच. प्रेतही मिळालं नाही.

उद्या नवा मालक येणार. तिला डोंगर सोडावा लागणार... आणि नवऱ्याला माती द्यायची राहिलेलीच.

बर्फ वितळलं तेव्हा घळीत मेंढरांचा खच निघाला होता. फुगलेला, निळाजांभळा, बुळबुळीत. बेलिंगहॅमनं त्या मढ्यांवरची लोकर उपटून घेतली. मूठ घातली की कातडीसकट हातात यायची. गडी नाकाला फडकी बांधून, डोळे मिटूनच उपटत.

तीच धुऊन गठ्ठ्यात दाबली होती.

खरेदीदार टिल्सन लोकरीच्या शेडमध्ये शिरला.

"शी! काय हो, मेंढरं कातरलीत की उकरून काढलीत?"

"हवा दमट आहे," बेलिंगहॅम हसला.

"हवा? माझी सासू मेल्यावर तीन दिवस घरात होती, तेव्हासुद्धा असली हवा सुटली नव्हती!"

गडी फिदीफिदी हसले.

तेवढ्यात...

शीळ.

एक लांब, दोन तुटक.

अलास्टरची. कुत्रीला बोलवायची.



त्याची कुत्री फ्लाय उठली. दाराकडे नाही गेली... गठ्ठ्याकडे गेली. शेपटी हलवत. नाक लावून तिथंच आडवी झाली.

"मोराग, हाकल ते कुत्रं!"

मोराग हलली नाही.

टिल्सननं रीतीप्रमाणे गोणपाटाला चीर दिली. नमुना काढायला कोपरापर्यंत हात आत घातला...

"आत... कोमट आहे."

हात बाहेर आला. बोटांवर पिवळट चरबी. मुठीत लोकर. आणि लोकरीत गुंतलेली तांबडी दाढी. खालच्या कातडीसकट.

टिल्सन तिथंच ओकला.

दर रविवारी ती दाढी मोरागच विंचरायची.

"साहेब, हा गठ्ठा मला द्या. पुरते त्याला."

"कुणाला?" बेलिंगहॅमनं नाकाला रुमाल लावला. "तांबडी मेंढरं नसतात काय? ए, शिवा रे ती चीर. जहाज थांबायचं नाही."

"माझा माणूस आहे आत!"

"आत लोकर आहे, बाई."

टिल्सननं गठ्ठा घेतला नाही. बेलिंगहॅमनं स्वतःच्याच नावानं तो विलायतेला धाडला.

मोरागनं मूठभर नवऱ्याला नदीकाठी माती दिली.

बाकीचा कुठल्या गिरणीत कातला गेला, कुणाच्या अंगावर विणला गेला... कुणास ठाऊक. शीळ कुणी घातली, तेही.

हे लिहिताना मी गळ्यातला मफलर काढून ठेवलाय. थंडी आहे, तरी.