शेपूट आहे का?

त्या दिवशी तिच्या चष्म्याच्या दुकानात गर्दी नव्हती. एका निवृत्त मास्तरांच्या जुन्या फ्रेममध्ये नवी भिंगं बसवायची होती. फ्रेम इतकी वाळली होती की जरा जास्त गरम केली असती तर काडीच तुटून हातात आली असती. ती मान खाली घालून तेच काम करत होती, तेवढ्यात फिजिओचा फोन आला.

"अभिनंदन, बाई! डॉक्टरांनी कालचा एक्स-रे बघितला. हाड जुळलं, गुडघ्याची वाटी जागेवर बसली. आता डोंगर चढायला माझी हरकत नाही."

"मला डोंगर चढायचाय असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे? माझ्या टेबलावर पडून तुमच्याइतक्या शिव्या डोंगरवाल्यांशिवाय दुसरं कोणी देत नाही." तो हसला. मग धंद्याच्या आवाजात म्हणाला, "फक्त उतरताना गुडघ्याला पीळ द्यायचा नाही. मागे वळून बघायचं असेल तर आधी सपाट जागा शोधा, थांबा, मग अख्खं अंग वळवा. नुसती मान वळवून चालत राहिलात तर परत माझ्याकडे याल. आणि मला तुमचा कंटाळा आलाय."

तिने फोन ठेवला, भिंग खाचेत दाबलं. ही बातमी सांगण्यासारखं घरात एकच माणूस उरलं होतं, आणि सासूबाईंसमोर गुडघ्याचं नावही काढायची सोय नव्हती. "पाय मोडला तो तुझा, आणि गेला तो माझा," असं त्या एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या होत्या. आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं.

दुकान बंद करायच्या वेळेला धाकटा दीर आला. हातात चष्मा.

"नाकाची गादी निघालीय."

"दुसरं दुकान नाही सापडलं?"

"सापडलं असतं," तो म्हणाला आणि स्टुलावर बसला.

तिने चष्मा घेतला. पूर्वी ती त्याला भावजी म्हणायची. आता काहीच म्हणत नसे. वाक्यं अशी जुळवायची की हाक मारायची वेळच येऊ नये.

"फिजिओकडे मी तुमची चौकशी करत असतो. आज त्याने मलाही फोन केला होता," तो म्हणाला. "वहिनी, एकदा चला माझ्याबरोबर. त्याच वाटेने. दोघंच. नंतर मी आयुष्यात तुमच्यासमोर उभा राहणार नाही."

"कशाला? तिथे जाऊन तेच खोटं परत सांगायला?"

"सांगणार नाही. ऐकवणार आहे."

ते खोटं काय होतं, हे त्यांच्या ओळखीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या गटाची डोंगर उतरायची एक पद्धत होती. सगळ्यांत पुढे धाकटा, कारण वाटा त्याच्या पायाखालच्या. सगळ्यांत मागे थोरला, म्हणजे तिचा नवरा. मागच्याला सगळे शेपूट म्हणत. दर वळणावर पुढच्याने थांबायचं आणि ओरडायचं, "शेपूट आहे का?" मागून "आहे!" असं आलं की पुढे निघायचं. उत्तर आलं नाही तर सगळं जिथल्या तिथे खाली ठेवून पुढच्याने वर जायचं. मग कोणी कितीही कुरकुर करो. या हाकेवरून थट्टाही खूप व्हायची. शेपटाला बायको डोक्यावर बसलेली, म्हणून ते मागे पडतं, वगैरे.

गेल्या हिवाळ्यात उतरताना तिचा पाय सुट्या दगडांवरून घसरला. गुडघ्याची वाटी फुटली आणि खालचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. काठ्या आणि जॅकेटांची झोळी करून तिला उचललं. झोळी धरणाऱ्यांची ओझी नवऱ्याने स्वतःच्या अंगावर घेतली आणि नेहमीसारखा मागे राहिला. धुकं होतं. गोळ्यांमुळे ती अर्धवट शुद्धीत होती. तिला झोळीचे हेलकावे तेवढे आठवत होते.

पायथ्याशी पोचल्यावर शेपूट आलंच नाही. तो सापडला पहिल्याच वळणाखाली. डॉक्टर म्हणाले, पडला तसाच गेला असणार.

आणि धाकटा म्हणत होता, मी प्रत्येक वळणावर हाक मारली. प्रत्येक वळणावर उत्तर आलं.

मेलेला माणूस उत्तर देतो का? झोळी धरणाऱ्यांपैकी एकजण आधी म्हणाला, ऐकलं बहुतेक. चौकशीत म्हणाला, नसेलही, दम लागला होता. मग घरात, सगळ्या नातेवाइकांसमोर, कुबड्यांवर उभं राहून ती म्हणाली, "तुम्ही हाक मारलीच नाहीत. विसरलात, आणि आता भुताच्या नावावर खपवताय." सासूबाईंनी धाकट्याकडे एकदा बघितलं आणि सांगितलं, या घरात पाऊल ठेवायचं नाही. त्याने ठेवलं नाही.

"येते," ती दुकानात म्हणाली. नवी गादी बसवून, चष्मा पुसून त्याच्या हातात दिला. "तिथे उभं राहून माझ्या तोंडावर बोलून दाखवा."

सुट्टीच्या दिवशी सकाळी ते निघाले. चढताना गुडघ्याने त्रास दिला नाही. त्रास बाकी सगळ्याने दिला. मांडीचं मांस वर्षभरात वितळून गेलं होतं, पाय परक्याच्या घरातून मागून आणल्यासारखा वाटत होता. प्रत्येक दगडावर पाऊल टेकवण्याआधी ती काठीने दगड हलवून बघत होती. पूर्वी या वाटेने ती गात चढायची. आता एका आजोबांनीही तिला मागे टाकलं, वर "सावकाश हं, ताई," म्हणून गेले. तिला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं.

माथ्यावर वारा नव्हता. धाकट्याने थर्मासमधून चहा ओतून पुढे केला. तिने घेतला नाही. त्याने तो स्वतःही प्यायला नाही. गवतावर ओतून टाकला.

"आई कशी आहे?" त्याने विचारलं.

"खाते, झोपते. रात्रीचं ऐकू कमी येतं."

"माझं काही...?"

"नाही."

दुपार कलायच्या आत खालून धुकं चढायला लागलं. आधी दरी गेली, मग समोरच्या डोंगराची सोंड, मग वाट. ओल्या गवताचा आणि गंजलेल्या लोखंडाचा वास पसरला. धाकटा उठला.

"मी पुढे जातो. तुम्ही मागे राहा, नेहमीच्या अंतराने. मी वळणावर हाक मारेन. तुम्ही उत्तर द्यायचं नाही. काही झालं तरी तोंड उघडायचं नाही."

"आणि उत्तर आलं नाही म्हणजे?"

"म्हणजे मी खोटारडा." तो जरा थांबला. "वर्षभर एकटा येतोय मी इथे, वहिनी. एकटाच उतरतो. तरी हाक मारतो."

तो धुक्यात शिरला. थोड्या वेळाने फक्त त्याच्या बुटांचा आवाज राहिला, मग तोही कमी झाला. ती निघाली. उतार खरा अवघड. शरीराचा भार गुडघ्यावर येतो आणि गुडघ्याला आठवण असते. ती खाली बघत, एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकत होती.

खालून हाक आली. "शेपूट आहे का?"

ती गप्प राहिली. कान देऊन ऐकलं. काही नाही. कुठेतरी दगडावरून पाणी ठिबकत होतं, तेवढंच. तिच्या छातीत काहीतरी कडू, गरम असं वर आलं. आनंदच तो, दुसरा शब्द नाही. बघा, तिला ओरडून सांगावंसं वाटलं, बघा, काही नाही. याच वळणाखाली तो सापडला होता, म्हणजे त्या दिवशी इथलं उत्तर त्याने जिवंतपणी दिलं होतं, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

ती पुढे उतरत राहिली. दुसरी हाक आली तेव्हा ती एका मोठ्या खडकाला हात लावून उभी होती.

"शेपूट आहे का?"

"आहे..."

आवाज मागून आला होता. वरून, धुक्यातून, फार लांबून नाही. मोठा नव्हता. तिला ओळखायला वेळ लागला नाही. असं 'आहे' म्हणताना तो नेहमी खांद्यावरचा पट्टा सावरायचा, त्यामुळे शेवटचं अक्षर जरासं लांबायचं. ते लांबलं होतं.

तिला वळायचं होतं. हे नीट समजून घ्यायला हवं. ती घाबरली होती, पण तिला वळायचं होतं. वर्षभर ज्याचा चेहरा आठवताना फोटोच आठवायचा, तो मागे उभा होता. पण पायाखाली सुटे दगड होते, उतार होता, गुडघा वाकलेला होता, आणि सपाट जागा कुठेच नव्हती. तिने मान वळवली नाही. एक पाऊल खाली टाकलं. मागेही एक पाऊल पडलं. मग दुसरं. ओझ्याने दबलेलं, सावकाश. पाठीवर जास्तीच्या पिशव्या एकमेकींवर घासत असल्याचा आवाज.

"तू...?" ती पुटपुटली.

पावलं थांबली. ती थांबली म्हणून थांबली.

तिसऱ्या वळणावरची हाक आली, आणि उत्तर तिच्या इतक्या जवळून आलं की मानेवरचे केस ओले झाल्यासारखे वाटले. "आहे..." त्या एका शब्दात नेहमीची घाई होती. थांबू नका, चला, माझी काळजी करू नका. घरात दिवे गेले, सासूबाई पडल्या, काही झालं की तो याच आवाजात बोलायचा.

आणि तेव्हा, त्या उतारावर, तिला कळलं. त्या दिवशी उत्तर आलं नसतं तर धाकट्याने झोळी खाली ठेवायला लावली असती. पद्धतच होती ती. थंडीत, चिखलात, रक्त वाहत असताना तिला तिथे ठेवून तो वर गेला असता, आणि बाकीचे थांबून राहिले असते. दवाखान्यात सांगितलं होतं, आणखी थोडा उशीर झाला असता तर पायच काय, ही बाईच राहिली नसती. म्हणून तिचा नवरा उत्तर देत राहिला. पडल्यावरही. शेवटच्या वळणापर्यंत.

तिला रडू आलं नाही. तिला राग आला. कोणावर तरी ठेवायचा म्हणून वर्षभर सांभाळलेला राग, आणि आता तो ठेवायला जागाच उरली नव्हती. तिच्या स्वतःच्या जुळलेल्या पायाखेरीज.

शेवटचं वळण आलं. खालून झाडं दिसायला लागली होती. धाकट्याचा आवाज आता स्पष्ट होता, आणि तो कापत होता. "शेपूट आहे का?"

"आहे..."

या वेळी उत्तर मागून आलं नाही. पुढून आलं. तिच्या आणि धाकट्याच्या मधून. केव्हातरी तो तिच्या बाजूने पुढे निघून गेला होता, आणि तिला धक्काही लागला नव्हता. आता सगळ्यांत मागे ती होती. तिच्यामागे धुकं, आणि पूर्ण डोंगर.

पायथ्याला धाकटा गाडीला टेकून उभा होता. चष्म्यावर बाष्प साचलं होतं, त्याने ते पुसलंही नव्हतं. लहान मूल निकालाच्या कागदाकडे बघतं तसा तो तिच्याकडे बघत होता.

"ऐकलंत ना, वहिनी?"

तिने काठ्या मिटवल्या. बुटावरचा चिखल दगडावर घासून काढला. बराच वेळ काढला.

"नाही," ती म्हणाली. "तुमच्या हाका ऐकल्या. बाकी काही नाही."

त्याने फक्त मान हलवली. दुकानात गिऱ्हाईक नंबर वाढला म्हटल्यावर हलवतं तशी. मग त्याने गाडीचं दार तिच्यासाठी उघडलं. घराच्या कोपऱ्यावर तिला सोडलं, पुढे आला नाही.

पुढच्या महिन्यात त्याचा एकदाच फोन आला. तो पुन्हा गेला होता, एकटा. सगळ्या वळणांवर हाका मारल्या.

"आता येत नाही, वहिनी," तो म्हणाला. "काहीच येत नाही. तुम्ही म्हणालात तेच खरं असेल. माझ्याच डोक्यात होतं."

तिच्या जिभेवर 'ऐकलं' हा शब्द आला होता. त्याने फोन ठेवेपर्यंत तो तिथेच होता.

हल्ली संध्याकाळी दुकानातून आल्यावर ती चावीने दार उघडते. आतल्या खोलीतून सासूबाई विचारतात, "आलीस का गं?" ती चपला काढत असते, तिने अजून तोंडही उघडलेलं नसतं. तरी उत्तर ऐकल्यासारख्या सासूबाई म्हणतात, "बरं, बरं. आधी ती ओझी खाली ठेव."

तिच्या हातात काही नसतं.

त्या जेवायला बसतात तेव्हा कधीकधी धाकट्याची जागा रिकामी ठेवतात, मग स्वतःच्याच लक्षात येऊन सरकून बसतात. तेव्हा ती ताटाकडे बघत राहते. भावजी खोटं बोलत नव्हते, एवढं एक वाक्य तिने सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.