सीटखालची टाकी

खोटं वाटत असेल तर नागावला या. जीप दारातच उभी आहे. बसून बघा.

मी विनिता. ही रात्रीबित्रीची गोष्ट नाही. गेल्या वर्षीच्या वैशाखातली भर दुपार होती. आमचं अंगण, आंब्याची सावली आणि सावलीत आप्पांची जुनी जीप.

आप्पा म्हणजे माझे वडील, हिरामण. मिठागरातलं काम सुटल्यावर याच जीपवर त्यांनी घर चालवलं. जुन्या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. "पोरीच्या जातीनं आगीवर बसू नये," म्हणायचे. मी टेम्पो चालवते, ट्रॅक्टर चालवते. पण जीपच्या स्टिअरिंगला मला त्यांनी कधी हात लावू दिला नाही.

त्याचा राग अजून आहे मला.

तीन वर्षांपूर्वी आप्पा गेले. भाऊ म्हणाला, जीप भंगारात देऊ. म्हटलं, हात तर लावून बघ!

मला ती चालवायचीच होती.

आप्पांचे मित्र चंदरकाका मेकॅनिक. त्यांनी जुनं इंजिन उतरवून डिझेलचं बसवलं. नव्या इंजिनाचा सायलेन्सर पाइप नेमका सीटखालून जात होता. म्हणजे टाकी तिथून काढून मागे बसवणं आलंच.

"विने, नारल ठेव. बापाला इचार आधी," काका म्हणाले. गेलेल्या माणसाच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, अशी आमच्याकडे रीत आहे.

नारळ मी ठेवला. विचारलं मात्र नाही.

"आप्पा, टाकी मागे जातेय. गाडी मी चालवणार. सांगतेय, विचारत नाही."

काकांनी कपाळावर हात मारला. "आगं, असं बोलतात का कुनी?"

टाकी काढली. आत पेट्रोलची वाफ राहिली तर वेल्डिंग करताना भडका उडतो, म्हणून ती विहिरीपाशी नेऊन काठोकाठ पाण्यानं भरून ठेवली. सीटखाली नुसतं भोक उरलं. त्यातून खालची माती दिसत होती.

आम्ही ओटीवर जेवायला बसलो.

आणि...

ठक. ठक. ठक.

माझा घास हातातच राहिला. जीपचा पेट्रोल दाखवणारा काटा कधीच बंद पडला होता. आप्पा सीट उचलून टाकीवर बोटानं तीनदा वाजवायचे आणि आवाजावरून पेट्रोल किती ते सांगायचे.

हा आवाज भरलेल्या टाकीचा होता. पण तो विहिरीकडून येत नव्हता...

जीपमधून येत होता.

"कोन हाय?" काका ओरडले. कोणी नव्हतं. कावळासुद्धा ओरडत नव्हता.

चार दिवसांनी टाकी मागे पक्की बसली. काकांना शेजारी बसवून मी चौलच्या रस्त्याला निघाले. सकाळचे दहा वाजले होते. पहिल्यांदाच त्या सीटवर बसले होते मी, काय सांगू किती आनंद झाला होता!

वळणावर इंजिन बंद पडलं.

टाकी भरलेली. पाइपात हवा नाही. सगळं ठीक.

मग... वास आला. पेट्रोलचा. डिझेलच्या गाडीत.

मी सीट उचलली. भोकातून खालचं डांबर स्वच्छ दिसत होतं. मी हात आत घातला...

हाताला टाकीचा गार पत्रा लागला.

काकांनी खाली उडीच मारली. "उतर, विने! त्याला पसंत न्हाय!"

मला रडू येत होतं, खोटं कशाला बोलू? पण मी सीट खाली टाकली आणि तिच्यावर घट्ट बसले.

"आप्पा, जन्मभर तुमचं ऐकलं. आता उतरणार नाही. यायचं तर या, नाहीतर बसा इथेच."

चावी फिरवली. एका दमात सुरू झाली.

काका काही परत बसले नाहीत. रिक्षानं घरी गेले.

तो वास पुन्हा आला नाही. ती टकटकही नाही. मी रोज जीप काढते, पर्यटकांना किनाऱ्यावर नेते, बाजार करते.

फक्त एकटी असले की... वळण आलं, मी ब्रेक लावायच्या आधी...

डावीकडचा तळाचा पत्रा दबतो. करकर वाजतो. शेजारी बसलेला घाबरलेला माणूस पाय रोवतो ना, अगदी तसा.

सीट रिकामी असते. मी बघितलंय.

अंगावर काटा येतो. आजही येतो.

पण ब्रेक मी माझ्याच वेळेला मारते.