हेमलताचे हात

वत्सला उईके सिस्टरने रबरी हातमोज्यांवर करसाथी चढवले आणि तिचं डोकं फिरलं. रोजच फिरायचं.

करसाथी म्हणजे तारांचे मोजे. आतल्या बारीक तारा आखडत, सैल होत आणि घालणाऱ्याच्या हातांना काम दाखवत: नळी कुठे धरायची, धाप लागलेल्याला पालथं कसं वळवायचं. फुप्फुसतापाची साथ आली तेव्हा कोळंबी गावच्या ग्रामीण रुग्णालयात शिकलेली नर्स वत्सला एकटीच होती. बाकी अंगणवाडीच्या बाया. मोज्यांमुळे त्याही पेशंट सांभाळत होत्या, पेशंट वाचतही होते. पण मोज्यांत भरलेले हात हेमलता बोरकरचे होते आणि वत्सलाच्या पोटात दुखत होतं ते त्यामुळे.

दोघी नागपूरला एकाच खोलीत राहून नर्सिंग शिकलेल्या. मोज्यांत कोणाच्या हालचाली भरायच्या ते निवडताना हात दोघींचे पाहिले, घेतले हेमाचे. आता जिकडेतिकडे 'हेमलताचे हात' म्हणून कौतुक, आणि वत्सलाने आयुष्यभर केलेलं काम हेमाच्या इशाऱ्यावर करायचं!

म्हणून ती एक हट्ट करायची. पेशंट पालथा झाला की मोजा पुढच्या खाटेकडे ओढायचा. वत्सला मुद्दाम हात त्याच्या पाठीवर ठेवायची, श्वास संथ होईपर्यंत. माझा हात, माझी मर्जी.

एके सकाळी शेजारच्या खाटेशी अंगणवाडीच्या कांताबाईंचाही हात तसाच थांबला.

"मी नाही जी थांबली," त्या घाबरून म्हणाल्या, "मोजाच थांबला."

वत्सलाने मोजेवाल्या तंत्रज्ञाला फोन लावला.

"मोजे शिकतातही, सिस्टर," तो म्हणाला. "हात थांबला की पेशंट घाबरत नाही, नळी उपटत नाही. तुमच्याकडूनच आलं ते. परवा सगळ्या दवाखान्यांत पाठवलं."

"कोणाच्या नावानं?"

"नाव हेमलता सिस्टरांचंच. हालचालींचा मूळ संच त्यांचा आहे ना."

त्या दिवशी वत्सलाने डबा न उघडता परत नेला.

आठवड्याभरात खुद्द हेमलतालाच स्ट्रेचरवरून आणलं. जवळच्या गावी मोजे वापरणं शिकवायला आली होती, तिथेच तापली. ओठ निळे पडलेले.

"वत्सला? बरं झालं वं, तू आहेस."

 वत्सलाने नळी लावली, तिला पालथं वळवलं आणि हात काढून घ्यायला गेली. हिच्या पाठीवर नाही. हिच्या तर मुळीच नाही. पण तारा आखडल्या. मोज्याने तिचा हात तिथेच धरून ठेवला.

हेमाची धाप हळूहळू उतरली.

"हे थांबणं माह्यं नाही," ती उशीत पुटपुटली. "कोणीतरी माह्या हातांत घातलं. लोक माह्यी वाहवा करतात त्याच्यासाठी, अन् मी जळते वं तिच्यावर. मले काहून नाही सुचलं?"

"बोलू नको. दम लागते तुले."

वत्सलाच्या जिभेवर स्वतःचं नाव आलं होतं. हेमाने आपल्यावर जळावं, याची ती किती महिने वाट पाहत होती! पण तो हात मायेने थांबला नव्हता, हेमावरच्या रागाने थांबला होता, हे कसं सांगायचं?

तारा सैल झाल्या. पुढच्या खाटेकडे जायची खूण झाली. वत्सलाचा हात हेमाच्या पाठीवरून उठला नाही.

"मनाची लई मोठी असन ती बाई," हेमा म्हणाली. "कोण असन वं?"