उजवीकडचा उजेड

सकाळी सव्वानऊ वाजता तपासनिसाने मोटरसायकल नापास केली.

ती परदेशी जायची होती. तिकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. म्हणून दिव्याचा झोत उजव्या कडेला जरा वर चढायला हवा, नाहीतर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. हिचा झोत डावीकडे चढत होता.

"काल संध्याकाळी मी माझ्या डोळ्यांनी उजवीकडे पाहिलाय," गॅरेजचा मालक म्हणाला. "रात्रीतून नवा दिवा काढून जुना बसवला. गॅरेजची दुसरी किल्ली मिस्त्रीकडेच असते. चोर म्हणून हाकलला त्याला!"

त्याने खासगी तपास करणाऱ्या वहिनींना बोलावलं. वहिनींनी आपल्या दिरांना, भाऊजींना, मिस्त्रीशी नुसतं बोलून यायला सांगितलं. भाऊजींनी त्याच्या घरी जाऊन ट्रंकच उपडी केली. दारात शेजारी जमले. मिस्त्री एवढंच म्हणाला, "जो दिवा हातात दिला तो बसवला, साहेब." त्याची बायको जमिनीवरचे कपडे गोळा करत राहिली. दिवा काही मिळाला नाही.

"मुरलेला आहे बेटा," भाऊजींनी गॅरेजमध्ये येऊन सांगितलं.

वहिनी दिव्यापुढे उकिडव्या बसल्या होत्या. प्रत्येक स्क्रूवरून दिव्याच्या कडेपर्यंत बारीक लाल रेघ होती. तिच्यावर पांढरे ठिपके.

"ही रेघ?"

"मिस्त्रीची खोड," मालक म्हणाला. "स्क्रू आवळला की मारतो. फिरवला तर रेघ मोडते."

"आणि हे ठिपके?"

कोपऱ्यात डबे आवरणारा रंगारी ओशाळला. "माझेच शिंतोडे. काल भिंत रंगवली. मालक दिवा बघून गेल्यावर छताला हात मारला. कुलूप लागेपर्यंत इथंच होतो."

"भिंत ओली, मग झोत कशावर पाहिला?"

"दोरीवर चादर टाकून. मालकांचा गुडघा धरलेला, ते पलीकडच्या स्टुलावर. मिस्त्री गाडीपाशी. 'मालक, इकडे या' म्हणून चारदा बोलावलं त्यानं."

"दिवा आणला कोणी?"

"मी," मालक म्हणाला. "दुकानदाराने दिलेलं खोकं तसंच मिस्त्रीला दिलं."

वहिनी उठल्या. "चोरी झालीच नाही. रेघ अखंड आहे, शिंतोडे तिच्या वर आहेत. म्हणजे काल संध्याकाळनंतर स्क्रूला कोणी हात लावलेला नाही. जो दिवा काल होता, तोच आज आहे."

"पण मी उजवीकडे..."

"चादरीच्या मागून. झोताकडे तोंड करून बसलात; गाडीवरच्या माणसाचं डावं ते तुमचं उजवं. दुकानदाराने खोक्यात आपल्या देशातल्या रस्त्यांचा, डावीकडे चढणारा दिवा घातला. मिस्त्रीला चूक दिसली, म्हणून तर तो बोलावत होता. तुम्ही काय म्हणालात?"

मालक मान खाली घालून पुटपुटला, "म्हटलं, मला शिकवू नकोस. स्क्रू आवळ आणि घरी जा."

भाऊजींच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्या ट्रंकेत तळाशी लग्नातलं लुगडं होतं. तेसुद्धा त्यांनी शेजाऱ्यांदेखत झटकलं होतं.

"वहिनी, तुम्ही येता का बरोबर?"

"ट्रंक मी उपडी केली नव्हती, भाऊजी."

ते आणि मालक गेले. मिस्त्रीच्या बायकोने दार अर्धंच उघडलं. मालकाने हात जोडले, भाऊजींनी सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे मला काय सांगता? त्यांना सांगा."

"आहेत कुठे?"

"तुम्ही गेलात, तुमच्या पाठोपाठ तेही निघाले. चपलासुद्धा घातल्या नाहीत."

दिवेलागण झाली तरी मिस्त्री घरी आलेला नव्हता.