जळवांनी टाळलेला

उद्यानाच्या फाटकावर पहारेकऱ्यानं गाडीच्या खिडकीतून मिठाची पुरचुंडी दिली. "जळवा आहेत. उतरलात तर पायांकडे लक्ष असू द्या."

पहिल्याच थांब्यावर धाकट्याला सात लागल्या, थोरलीला एक. ती प्राणिशास्त्र शिकलेली; जळवांना आपला श्वास आणि ऊब कळते, हे तिनं त्याला ऐकवलंच.

"म्हणजे तुझ्यापेक्षा मी जास्त जिवंत, ताई!"

ती हसली, पण आतून हलली. दवाखान्यातून घरी येऊन त्याला जेमतेम महिना झाला होता. "नेतेस तसाच परत आण," आईनं बजावलं होतं.

वळणावळणानं रस्ता चढत गेला. शेवाळानं जड झालेल्या फांद्या गाडीच्या टपाला घासत होत्या. माथ्यावर धुक्यात कठडासुद्धा दिसेना. धाकटा फोटो काढायला उतरला आणि चार पावलांत नाहीसा झाला.

तिनं हाका मारल्या. ओ आली नाही.

अकरा मिनिटांनी तो आला; कठड्याकडून नव्हे, रस्त्याच्या वरच्या अंगाच्या जंगलातून.

"अरे, जीव टांगणीला लावलास माझा! कुठं होतास?"

"चल," तो म्हणाला. नुसतंच चल.

पाचोळ्यातून जळवा माना उंचावत तिच्याकडे निघाल्या होत्या. वाटेत त्याचे उघडे घोटे होते. पहिली जळू तिथं पोचली, थबकली आणि वळसा घालून पुढं आली. मागच्या सगळ्यांनी तसाच वळसा घातला.

गारठला असेल, तिनं स्वतःला समजावलं. मनगट धरून पाहिलं. ओल्या दगडासारखं गार. नाडी लागेना, पण तिचीही बोटं गारठून बधिर झाली होती.

धुक्यात गाडी रांगतच उताराला लागली. पाऊस सुरू झाला, तिनं काचा चढवल्या. तिच्या बाजूची काच श्वासानं धुरकटली. त्याच्या बाजूची स्वच्छच राहिली.

तीन वळणं गेली.

मग त्याच्या काचेवरही वाफेचा ठिपका उमटला. तिनं सुटकेचा नि:श्वास टाकला.

त्यानं तळहातानं काच पुसली. ठिपका पुसला गेला नाही.

तो बाहेरून होता. तोंडाच्या उंचीवर. विरायचा, उमटायचा, भराभर, धापा टाकल्यासारखा.

तिचा पाय ब्रेककडे गेला.

"थांबू नकोस," शेजारचा म्हणाला.

ठिपका मागच्या दाराच्या काचेवर सरकला, मग अगदी मागच्या काचेवर. तिथं तो आणखी दोनदा उमटला.