जेलच्या तळाची रेघ

"बर्फ कुठे मिळेल हो?"

आज माझी पंचाहत्तरी उलटली, पण तो आवाज अजून कानात आहे. तेव्हा लॅबमध्ये मी जेलचा, म्हणजे आरएनएचे रेणू लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या चिकट पारदर्शक थराचा, खालचा तुकडा कापून टाकायच्या बेतात होते. दारातून विचारणारा तो नवखा तरुण बर्फ विसरून धावतच आत आला.

"अहो, थांबा! टाकताय का?"

"तळाला नुसता चुरा असतो. तुटक्या आरएनएचे तुकडे. सगळेच टाकतात."

"मग मला द्या ना…"

"आजवर माझ्याकडे कुणी कचरा मागितला नव्हता."

"फुलं मागायची म्हणजे ओळख लागते!"

मी लॅबमधली टेक्निशियन, तो आमच्या लॅबप्रमुख सरांकडे नुकताच आलेला संशोधक. मग रोज दुपारी तो माझ्या टेबलाशी येऊन बसू लागला.

"जीनचा निरोप प्रोटीन बनवणाऱ्यांकडे नेतो तो आरएनए सगळ्यांना ठाऊक आहे," तो सांगायचा. "पण तळाचा हा बुटका आरएनए स्वतः कसलंच प्रोटीन बनवत नाही. निरोप्याला वाटेत गाठतो आणि गप्प बसवतो."

"अगदी माझी आई! अंथरुणावरूनसुद्धा घरी फोन तीच उचलते."

"म्हणजे… मी फोन करू की नको?"

डार्करूमच्या लाल उजेडात जेलमधल्या रेघा फिल्मवर उमटेपर्यंत आम्ही शेजारी उभे राहायचो. कोपराला कोपर लागायचं आणि दोघंही फिल्मकडेच बघतोय असं दाखवायचो. आरएनएचे नमुने मी माझ्या हातांनी, डोळ्यांत तेल घालून केले होते. चार वेळा प्रयोग केला आणि चारही वेळा तळाला, त्याच जागी, तीच बारीक रेघ आली.

"सरांनी ही रेघ खरी मानली की दूरच्या मोठ्या लॅबमध्ये माझी जागा पक्की," तो म्हणाला. "तू… येशील?"

आई अंथरुणाला खिळलेली. मी नुसतं "बघू" म्हटलं.

सोमवारच्या बैठकीत सरांनी फिल्म उजेडाकडे धरली. "नमुने तू केलेस ना गं? आरएनए तुटला तर नव्हता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तोही… हसत, निर्धास्त. खरं सांगितलं तर तो जाणार, एवढंच मला दिसत होतं.

"तुटला असेल, सर," मी म्हटलं.

सरांनी त्याचा विषय तिथेच बंद केला.

संध्याकाळी तो माझ्या टेबलाशी आला. बसला नाही.

"चारही वेळा त्याच जागी तुटला?"

मी टेबल पुसायला घेतलं.

"मी जाऊ नये म्हणून?"

मी होकारार्थी मान हलवली.

"अगं… नुसतं थांब म्हणाली असतीस तरी थांबलो असतो."

त्याच आठवड्यात त्याने लॅब सोडली. पुढे कुठल्याशा औषध कंपनीत विक्रीच्या कामाला लागल्याचं कळलं. काही वर्षांनी परक्याच कुणीतरी अशा बुटक्या आरएनएवर पेपर छापला. सरांनी तो कौतुकाने लॅबभर फिरवला, वाचून सही करा म्हणाले. मी वाचला. सही केली आणि पुढच्या टेबलावर सरकवला.